चुनकाबच्या रस्त्यातला डोळा

पैज अशी होती, की पाण्याच्या टाकीपासून नव्या रस्त्याच्या टोकापर्यंत जो शेवटी पोचेल त्याने ईस्टरच्या सुट्टीभर बाकीच्या दोघांच्या घरचा मका दळून आणायचा. नेयदी पुढे होती, आणि विल्बर्थ तिच्या मागे दोन सायकलींच्या अंतरावर धापा टाकत होता. गाल्दिना तर पार मागे राहिली होती. ती आईची सायकल घेऊन आली होती आणि तिचे पाय पॅडलला अर्धा वेळच टेकत होते.

रस्ता अजून पुरा झाला नव्हता. पांढऱ्या मुरमाचे ढीग टाकून नुसते पसरून ठेवले होते, त्यावर रोलर फिरायचा होता. टोक शंभर पावलांवर असताना नेयदीचं पुढचं चाक कशाला तरी अडलं. सायकल एकीकडे गेली, नेयदी दुसरीकडे.

विल्बर्थ थांबला, हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं. "तू दगडाला धडकलीस, की दगड तुला धडकला?" त्याने विचारलं.

नेयदीचं कोपर सोलवटलं होतं, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. चाकाखाली आलेला तुकडा तिने उचलला होता. तळहाताएवढा होता, आणि दगडाच्या मानाने फारच हलका. तिने फुंकर मारली, फ्रॉकच्या टोकाने पुसला, आणि तो तिच्या हातातून गळून पडला.

"काय गं, विंचू?"

"ते माझ्याकडे बघतंय," नेयदी म्हणाली.

विल्बर्थने वाकून तुकडा उलटा केला. चुन्याचा गुळगुळीत गिलावा होता. लाल कड, मध्ये पांढरं, आणि पांढऱ्याच्या मधोमध काळंभोर बुबुळ. एवढ्यात गाल्दिनाही येऊन पोचली. दहा वर्षांची होती, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"डोळा आहे हा," ती म्हणाली.

"डोळ्यासारखा आहे," विल्बर्थ म्हणाला.

"सारखा नाही, डोळाच आहे. ही बघ पापणी."

चुनकाब गावात जुन्या मायन लोकांच्या दगडांचं कुणाला नवल नव्हतं. विहिरीच्या कठड्यात ते होते, चर्चच्या पायऱ्यांत होते, शेतात कुदळ मारली की खापरं निघत. पण ते सगळे उन्हापावसाने राखाडी झालेले असत. रंग कुणी पाहिला नव्हता. हा लाल तर असा ताजा होता, की बोटाला लागेल असं वाटावं.

"हा बरेच दिवस उन्हात नव्हता," नेयदी हळूच म्हणाली. "आत्ताच कुठून तरी अंधारातून निघालाय."

तेवढ्यात डंपर आला. नेयदीच्या बाबांचाच. गावात डंपर चालवायची नोकरी मिळालेले ते पहिलेच. नाहीतर सगळे बाप समुद्रकाठच्या हॉटेलांत कामाला जात आणि महिन्या-महिन्याने घरी येत. नेयदीने हात हलवला, बाबांनी हॉर्न वाजवला. पांढरा मुरूम धडाधड ओतून डंपर परत गेला. विल्बर्थने मनगटावरचं घड्याळ बघितलं. मुलं मुरमाच्या ढिगात आणखी काही सापडतंय का ते चाळत बसली. डंपर पुन्हा आला तेव्हा त्याने परत घड्याळ बघितलं.

"खाण कुठे आहे म्हणाले रस्त्याचे इंजिनियर?"

"हमरस्त्याच्या पलीकडे. तास-दीड तास लागतो," नेयदी म्हणाली.

"मग तुझ्या बाबांनी डंपरला पंख लावले असतील. पस्तीस मिनिटांत परत आले."

"माझे बाबा खोटं बोलतात असं म्हणायचंय तुला?"

"मी घड्याळाबद्दल बोललो," विल्बर्थ म्हणाला.

रात्रीच्या जेवणाला मक्याच्या गरम भाकऱ्या आणि काळा घेवडा होता. नेयदीने सहज विचारल्यासारखं केलं, "बाबा, तुम्ही मुरूम कुठून आणता?"

"खाणीतून," बाबा म्हणाले. त्यांनी भाकरी तोडली आणि तुकडा नुसताच हातात धरून ठेवला. "लवकर जेव."

एरवी ते डंपरबद्दल बोलायला लागले की आईला त्यांना थांबवावं लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेयदी दोघांना घेऊन खाण शोधायला निघाली ती विल्बर्थचं तोंड बंद करायलाच. रस्त्याच्या मधल्या वळणावर तोडलेल्या फांद्यांचा मोठा ढीग होता. गाल्दिनाने एक फांदी ओढली तर ती सहज निघून आली. मागे जंगलात शिरणारी वाट होती आणि वाटेवर डंपरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या.

"फांद्या तोडून फार तर दोन दिवस झालेत, पानं अजून हिरवी आहेत," गाल्दिना म्हणाली. "लपवलंय कुणीतरी."

सायकली झुडपात ढकलून तिघं चाकोऱ्यांच्या कडेने चालत गेली. अर्ध्या तासाने यंत्राचा आवाज ऐकू आला आणि मग थांबला. समोर टेकडी होती. चुनकाबच्या सपाट रानात टेकडी म्हणजे जुन्या लोकांनी बांधलेलीच, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ही चर्चच्या दुप्पट उंच होती. माथ्यावर झाडं होती, मुळं दगडांना कवटाळून बसलेली. अलीकडून ती जशी असायला हवी तशीच दिसत होती.

तिघं वळसा घालून पलीकडे गेली. तिकडे टेकडीच नव्हती.

माथ्यापासून तळापर्यंत सुरीने केक कापावा तशी ती कापलेली होती. खाली पोकलेन उभा होता. त्याचा चालक, बाहेरगावचा नेरेओ, सावलीत बसून न्याहारी करत होता. नेयदीचं लक्ष मात्र त्याच्याकडे गेलं नाही. कापलेल्या दगडमातीच्या पोटात एक भिंत होती. गुळगुळीत आणि लालभडक. टेकडीच्या आत एक घर होतं. त्या घराच्या भिंतीवर, दरवाज्याएवढा मोठा, एक चेहरा होता.

अर्धाच होता.

डाव्या बाजूला भुवई होती, डोळा होता, कानात गोल कुंडल होतं. उजव्या बाजूला काहीच नव्हतं. पोकलेनच्या दातांचे चार सरळ ओरखडे कपाळापासून खाली उतरले होते, त्यांच्या पलीकडे नुसती खडी. उरलेला एक डोळा उन्हाकडे बघत होता.

गाल्दिनाने नेयदीचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. विल्बर्थने खिशातून फोन काढला. पहिले दोन फोटो हलले.

डंपरचा आवाज आला. तिघं एका झाडाच्या बुंध्यामागे दडली. डंपर मागे-मागे येत भिंतीशी लागला. नेयदीने खिडकीतून बाहेर काढलेलं कोपर ओळखलं, आणि आईने शिवलेल्या निळ्या शर्टाची बाही. नेरेओ उठला, हात झटकले, पोकलेन सुरू केला. बकेट पुढे सरकली, भिंतीच्या पायथ्याशी घुसली आणि वर उचलली गेली. चेहऱ्याची हनुवटी तिच्यात गेली. एवढ्या मोठ्या यंत्राला ती पापडासारखी वाटली असेल. डंपरमध्ये पडताना तिचा आवाजही वेगळा आला नाही.

डंपर निघाला तशी नेयदी धावली, झाडांतून आडवी, आणि वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

ब्रेक किंचाळले. बाबा खाली वाकून बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वेड लागलंय का तुला? चाकाखाली आली असतीस."

"तुम्ही खाण म्हणालात."

"ही पण खाणच. खरी खाण लांब आहे, साहेब म्हणाले इथून घ्या. पावसाळ्याआधी रस्ता व्हायला हवा."

"बाबा, आत घर आहे. चेहरा आहे."

"आत दगडमाती आहे. मी समोर बघून बसतो, मागे बघत नाही. मला सांगतात तेवढं मी वाहतो." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तुझा भाऊ कुठे जन्मला, आठवतं? चिखलात रुतलेल्या गाडीत. तीन तास. तुझ्या आईचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. मेलेल्या लोकांच्या दगडांनी जिवंत माणसांचा रस्ता होत असेल, तर होऊ दे."

नेयदीला ती रात्र आठवत होती. तिने खिशातून तो डोळा काढला, पाय उंचावून खिडकीतून आत घातला आणि त्यांच्या समोरच्या फळीवर ठेवला.

"हा तुमच्याच डंपरमधून रस्त्यावर पडला," ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. डंपर बराच वेळ जागचा हलला नाही. मग गेला.

विल्बर्थचे वडील, म्हणजे नेयदीचे फेलिसियानोमामा, गावचे सरपंच. दुपारी ते जाळीच्या झुल्यात पडून डुलक्या काढत होते. विल्बर्थने फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी फोन लांब केला, जवळ केला, आणि परत दिला.

"चष्मा नाही माझा. आपल्या रानात अशा साठ टेकड्या आहेत. एक गेली तर काय आभाळ कोसळणार आहे का?"

"बाबा, टेकडी तोडायच्या कागदावर तुम्ही सही केलीत?"

"केली. गावासाठी केली. सात वर्षं मी या रस्त्यामागे लागलोय, तुला ठाऊक आहे. इंजिनियरने यंत्रं उचलली की पुन्हा सात वर्षं. आता जा, पतंग उडवा."

"तुम्ही ती बघायला गेला होतात?" नेयदीने विचारलं.

मामांनी टोपी तोंडावर ओढली.

तिघं टाकीखाली येऊन बसली. मोठ्या माणसांनी बघायचंच नाही असं ठरवलं, तर त्यांना काय दाखवणार? गाल्दिना बोटाने मातीत रेघोट्या ओढत होती. अचानक ती म्हणाली, "शाळेत ती पुरातत्त्ववाली बाई आली होती ना, काउइचबाई? तिने नंबर दिला होता. आईच्या गिरणीत भिंतीला चिकटवलाय. मी रोज दळण होईपर्यंत तोच वाचते." आणि तिने दहाच्या दहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले.

फोटो गेले. टाकीच्या शिडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही, म्हणून विल्बर्थ शिडीवरच बसून राहिला. वीस मिनिटांनी उत्तर आलं. त्याने मोठ्याने वाचलं: "हे कुठे आहे? मी पहाटे निघते, दुपारी बारापर्यंत पोचेन. तोवर कुणी हात लावता कामा नये. तुम्ही मुलं तिकडे अजिबात जाऊ नका."

"काम सात वाजता सुरू होतं," नेयदी म्हणाली. "सात ते बारा. काहीच उरणार नाही."

"चाकांतली हवा काढू," विल्बर्थ म्हणाला.

"पोकलेनला कुठली हवा?" नेयदी म्हणाली.

शिडीवरून तेओआत्याचं परसदार दिसत होतं. ताडाच्या छपराखाली आडवे रचलेले पोकळ ओंडके, प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक भोक, भोकाशी घिरट्या घालणाऱ्या मधमाश्या. विल्बर्थ तिकडे बघत राहिला.

"नेरेओ तिकडे लांब टाबास्कोच्या शहरातला आहे," तो सावकाश म्हणाला. "त्याला आपल्या माश्या माहीत नसतील."

तेओआत्या सगळ्या गावाची आत्या. तिने फोटो नीट पाहिले, एकेक, दोनदा. तिला चष्म्याची गरज पडली नाही. मग शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाली, "सहा ओंडके देते. मी स्वतः येणार. पण एक अट आहे. माझ्या माश्यांसमोर खोटं बोलायचं नाही. खोटं ऐकलं की त्या घर सोडून जातात. माझ्या आईच्या वेळी गेल्या होत्या."

"पण आत्या, खोटं न बोलता त्याला घाबरवायचं कसं?"

"ते तू बघ. जीभ तुला दिलीये देवाने, मला नाही."

पहाट फुटायच्या सुमाराला तेओआत्याने ओंडक्यांची भोकं ओल्या मातीने बुजवली. सामानाच्या तीनचाकी सायकलवर ओंडके गोधडीत गुंडाळून बांधले. विल्बर्थने पॅडल मारलं, दोघींनी मागून ढकललं, आणि आत्या शेजारून चालत माश्यांशी मायन भाषेत बोलत राहिली: जवळच जायचंय, दुपारी परत आणते, रागावू नका. सातला दहा कमी असताना सहाही ओंडके लाल भिंतीच्या पायथ्याशी ओळीने मांडून झाले होते. आत्याने भोकांवरची माती काढली. उन्हाची तिरीप पडली, आणि माश्या बाहेर आल्या. नवी जागा बघून त्या ओंडक्यांभोवती, माणसांभोवती, पोकलेनच्या काचेभोवती गोल-गोल फिरायला लागल्या. शेकडो.

नेरेओ आला तो शीळ घालत. शीळ मध्येच तुटली.

"हे काय? कसल्या माश्या आहेत या?"

"गावच्या आहेत," विल्बर्थ नम्रपणे म्हणाला. "फार जुन्या. पणजोबांच्याही आधीपासूनच्या."

"चावतात?"

विल्बर्थने आत्याकडे पाहिलं. आत्या दगडावर बसून शांतपणे संत्रं सोलत होती. त्याने घसा साफ केला. "दादा, या माश्या चावल्यावर काय होतं ते सांगायला आमच्या गावात आजवर एकही माणूस आलेला नाही."

नेरेओने एक पाऊल मागे घेतलं.

"माझ्या आजोबांकडे याच माश्या होत्या," गाल्दिना म्हणाली. "आजोबा वारले."

"कशाने?"

"मला कुणी सांगितलं नाही. मी लहान होते."

आत्याला जोराचा ठसका लागला. एक माशी नेरेओच्या कानापाशी गुणगुणली आणि तो डबा तिथेच टाकून जो पळाला तो वाटेच्या वळणावरच जाऊन थांबला. नेयदीला हसू यायला हवं होतं. पण मागे वळलं की तो एक डोळा दिसत होता.

आठ वाजले. नऊ वाजले. सव्वादहाला जीप आली आणि इंजिनियर सोलोर्सानो उतरला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कागदांची गुंडाळी. नेरेओने लांबूनच सगळं सांगितलं.

"मग धूर कर, फवारा मार, काहीही कर. दिवसाला बारा खेपा झाल्याच पाहिजेत."

"साहेब, तुम्ही चालवा," नेरेओ म्हणाला. "माझी बायको-पोरं आहेत."

इंजिनियर पुढे आला. एक माशी त्याच्या कॉलरवर बसली. तो श्वास रोखून उभा राहिला. माशी चालत त्याच्या हनुवटीवर गेली, तिथलं काही तिला आवडलं नसावं, उडून गेली. काहीच झालं नाही. त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू विरल्या. त्याने पाहिलं, की म्हातारीच्या हातांवर दहा-बारा माश्या बसल्यात आणि ती संत्रं खातेय. मग तो सगळ्यांत लहान मुलीसमोर, गाल्दिनासमोर, उकिडवा बसला.

"बाळ, मला खरं सांग. या माश्यांना डंख असतो की नसतो?"

गाल्दिनाने आत्याकडे पाहिलं. आत्याने संत्र्याची फोड तोंडाजवळ धरली होती, ती तशीच राहिली. माश्या गुणगुणत होत्या. विल्बर्थने डोळे मिटून घेतले.

"नसतो," गाल्दिना म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"शाबास," इंजिनियर म्हणाला आणि उठला. "नेरेओ, ओंडके बाजूला सार आणि सुरू कर. म्हातारे, घरी जा."

साडेदहा वाजले होते. तेओआत्या गाल्दिनाजवळ आली आणि तिला पोटाशी धरलं. "बरोबर केलंस. माश्या राहतील." नेयदीला मात्र रडावंसंही वाटेना. दीड तास. फक्त दीड तास. पोकलेनने घुर्र केलं. बकेट वर उचलली गेली.

तेव्हाच वाटेवरून डंपर आला. मागे-मागे नाही, सरळ, तोंड पुढे करून. तो बकेट आणि भिंत यांच्या मध्ये आडवा घुसला आणि थांबला. इंजिन बंद झालं. सकाळपासून खेपेला न फिरकलेले बाबा उतरले. दुसऱ्या दारातून फेलिसियानोमामा उतरले, नाकावर चष्मा लावून.

"एवेलियो, गाडी काढ," इंजिनियर ओरडला.

बाबांनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. ते चालत भिंतीपाशी गेले आणि पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. चेहऱ्याची भुवई त्यांच्या डोक्याच्या वर होती. पोकलेनचे चार ओरखडे त्यांनी बोटांनी चाचपले. आदल्या दिवशीचा तो डोळा त्यांच्या मुठीत होता. मामा त्यांच्यामागे आले, बघितलं, आणि खाली मातीत बसले. पाय दुमडून, लहान मुलासारखे.

"मी सही केली," मामा म्हणाले. "इथवर यायला तासभरसुद्धा लागत नाही. आणि मी बघायला आलो नाही."

"उद्यापासून कामावर येऊ नकोस," इंजिनियर बाबांना म्हणाला.

"बरं," बाबा म्हणाले.

नेरेओने पोकलेन बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. तो खाली उतरला आणि टोपी काढून भिंतीसमोर उभा राहिला.

काउइचबाई बाराच्या आधीच पोचल्या. बरोबर दोन सहकारी आणि जिल्ह्याच्या गावचा एक पोलीस होता. बुटक्या, उन्हाने रापलेल्या बाई भिंतीसमोर आल्या आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. मग पोलिसाने इंजिनियरचे कागद मागितले. परवाना होता, पण तो हमरस्त्यापलीकडच्या खाणीचा. या टेकडीचा उल्लेख फक्त मामांच्या सहीच्या चिठ्ठीवर होता, आणि टेकडी देणं मामांच्या हातात कधी नव्हतंच. जीप पोलिसाच्या गाडीमागून गेली.

"मी लिहिलं होतं, तिकडे जाऊ नका म्हणून," काउइचबाई मुलांना म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक होता. "वरून एक दगड सुटला असता तर? तुम्ही माझं ऐकलं नाहीत, म्हणून रागावायला हवं मला. आणि ऐकलं असतंत, तर मी इथे येऊन काय बघितलं असतं?" त्यांनी तिघांच्या डोक्यांवरून एकेकदा हात फिरवला.

"बाई, हे घर टेकडीच्या आत कुणी कोंडलं?" नेयदीने विचारलं.

"ज्यांनी बांधलं त्यांच्याच माणसांनी. साधारण बाराशे वर्षांपूर्वी. वर मोठं देऊळ बांधायचं होतं. बाकीच्या ठिकाणी जुनं पाडून टाकत, पण हे त्यांनी पाडलं नाही. हे बघ, चेहऱ्याभोवती चाळलेली मऊ माती, आणि तिच्यापुढे हाताने एकेक लावलेले दगड. झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं झाकून ठेवलं."

बाबा ऐकत होते. त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी चुनकाबमध्ये कुणी घरी राहिलं नाही. सगळं गाव रस्त्यावर गुडघे टेकून मुरूम चाळत होतं. बाया, म्हातारे, सुट्टीवर आलेले हॉटेलवाले, नेरेओसुद्धा. लाल, काळा, पांढरा रंग असलेला प्रत्येक तुकडा टोपलीत. चार दिवस चाललं ते. कुंडलाचा अर्धा गोल मिळाला, ओठाचा कोपरा मिळाला. हनुवटी मिळाली नाही. त्याच दुपारी तिच्यावरून रोलर गेला होता.

रविवारी ग्रामसभा भरली. मामा उभे राहिले. त्यांनी आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली, न अडखळता, आणि मग मुलांना पुढे बोलावलं. सभेत मुलांना कधी कुणी बोलावत नसे. "हे तिघं माझ्याकडे आले होते," मामा म्हणाले. "मी टोपी तोंडावर ओढली. या गावात डोळे फक्त या तिघांना होते. आणि तेओआत्याला." आत्या म्हणाली, तिच्या माश्यांनाही होते. लोक हसले, बऱ्याच दिवसांनी. रस्ता होणार होता, खऱ्या खाणीतल्या मुरमाने, पावसाळ्यानंतर. एक पावसाळा आणखी चिखल सोसायचा, असं सभेने ठरवलं. नेयदीच्या आईने सगळ्यांत आधी हात वर केला होता.

चेहऱ्याचं काय करायचं, ते काउइचबाईंनी सांगितलं तेव्हा मुलांना पुन्हा धक्का बसला. मोजमापं झाली, चित्रं काढून झाली. आता पावसाआधी तो परत झाकायचा.

"परत पुरायचा?" विल्बर्थ म्हणाला. "मग आम्ही वाचवला कशाला?"

"उघडा ठेवला तर दोन पावसाळ्यांत रंग जाईल," बाई म्हणाल्या. "त्यांनी जसा ठेवला होता तसाच ठेवायचा."

दगड वाहायला डंपर लागणारच होता. आता तो जिल्ह्याच्या पुरातत्त्व खात्याने घेतला होता, आणि चालक तोच होता. बाबा खेप घेऊन आले, पण मागचा हौदा वर उचलून दगड ओतले नाहीत. खाली उतरले, फळी उघडली, आणि एकेक दगड उचलून हाताने भिंतीपुढे रचायला लागले. मऊ माती चाळून झाली होती. तासाभराने कुंडल दिसेनासं झालं. मग गाल. शेवटी फक्त डोळा उरला.

बाबा थांबले. त्यांनी पुढचा दगड नेयदीच्या हातात दिला.

"सावकाश," ते म्हणाले. "घाई नाही आपल्याला."